अडतीस खोल्यांचे साहेब

(एका तीन मजली सरकारी इमारतीचा तळमजला. टेबलामागे रखवालदार, त्याच्या डोक्यावर किल्ल्यांचा फळा. समोर मालमत्ता विभागाच्या पाहणी अधिकारी बाई. त्यांच्या गाडीचा चालक दाराला टेकून उभा आहे.)

बाई: चहा राहू द्या काका. आधी साहेब दाखवा.

रखवालदार: कुठले साहेब?

बाई: या किल्ल्यांच्या रजिस्टरातले. हे बघा ना. सोमवारी सहा किल्ल्या, मंगळवारी सात, बुधवारी परत सहा. शनिवारपर्यंत अडतीसच्या अडतीस खोल्या उघडून होतात आणि पुढच्या सोमवारी पुन्हा सुरू. प्रत्येक ओळीत किल्ली घेणाऱ्याची सही एकाच माणसाची. नऊ वर्षं झाली याला.

चालक: आमच्याकडे त्यांना अडतीस खोल्यांचे साहेब म्हणतात, मामा. मॅडमच्या टेबलावर इथले कागद आले की सगळे उठून बघायला जातात. एक म्हणतो ऑडिटवाले असतील, दुसरा म्हणतो गुप्त खातं असेल. मी तर पैज लावलीय.

रखवालदार: कशावर?

चालक: दाढीवर. दाढी असणार म्हणजे असणार. एवढी शिस्त बिनदाढीच्या माणसाला झेपत नाही.

रखवालदार: दाढी नाही.

बाई: म्हणजे तुम्ही ओळखता त्यांना. कुठे बसतात?

रखवालदार: बसत नाहीत.

बाई: आज आलेत?

रखवालदार: आज... नाही.

बाई: पण आजची सही आहे की इथे. आठ वाजता, सहा किल्ल्या.

रखवालदार: मग आले असतील.

चालक: मामा, तुम्ही दारावर बसता की दारामागे झोपता?

बाई: तू थांब जरा. काका, काल बारा नंबरची किल्ली सकाळी घेतलीय आणि दुपारी परत आलीय. चार तास. बारा नंबरात काय आहे?

रखवालदार: टेबलं.

बाई: आणि?

रखवालदार: आणखी टेबलं. बघण्यासारखं काही नाही बाई.

बाई: तेच बघायचंय मला. चला.

रखवालदार: चला मग. जिना जपून चढा, तिसरी पायरी हलते.

चालक: मी पण येतो. पैजेचा प्रश्न आहे.

रखवालदार: हा बारा. थांबा, या कुलपाला किल्ली थोडी उचलून फिरवावी लागते. हं. या.

चालक: टेबलांवर टेबलं! यांच्यावर बसून साहेब लिहीत असतील तर डोकं छताला लागत असेल.

बाई: कागद एकही नाही. दिव्याला बल्ब नाही. खुर्ची नाही. पण खिडकीच्या काचा बघ. पुसलेल्या आहेत. या टेबलाखाली बोट फिरवते... धूळ नाही. टेबलाखालीसुद्धा नाही! आणि वास?

चालक: कसला वास? मला तर येत नाही.

बाई: तेच म्हणते मी. बंद इमारतीला वास असतो. या वर्षी एकसष्ट बघितल्या मी. दार उघडलं की पहिला हात रुमालाकडे. उंदीर, ओल, कबुतरांची घाण. एका ठिकाणी तर फायलींच्या गठ्ठ्यातून झाड उगवलं होतं. आणि इथे काहीच नाही. काका, खरं सांगा. साहेब इथे येऊन करतात तरी काय?

रखवालदार: खिडक्या उघडतात.

बाई: आणि?

रखवालदार: झाडतात. ओल्या फडक्याने फरशी पुसतात. दुपारपर्यंत हवा खेळू देतात. मग खिडक्या लावून किल्ली परत देतात.

चालक: साहेब फरशी पुसतात?

रखवालदार: साहेब तुम्ही म्हणालात. मी कधी म्हणालो?

बाई: मग कोण आहे हे?

रखवालदार: झाडणारी. माझी बायको.

चालक: गेली माझी पैज.

बाई: थांबा थांबा. मला नीट कळू दे. इथे कोणाचीच कचेरी नाही?

रखवालदार: होती. कालव्यांची कचेरी. नऊ वर्षांपूर्वी सगळे नव्या जागेत गेले. जाताना मोठे साहेब म्हणाले, इमारत अशीच ठेवा, कधी परत यावं लागेल सांगता येत नाही. प्रत्येक खोलीला आठवड्यातून एकदा वारा लागला पाहिजे. मी म्हटलं, बरं.

बाई: आणि मग कोणी परत आलंच नाही.

रखवालदार: पुरे असंही कोणी म्हटलं नाही.

बाई: पण झाडण्यासाठी तुमच्या मिसेसची नेमणूक होती का?

रखवालदार: नेमणूक कसली! झाडणारी बाई कचेरीबरोबर गेली. मी एकटा दोन दिवस केलं, तिसऱ्या दिवशी कंबर धरून बसलो. ही मागच्या आमच्या राहत्या खोलीतून बघत होती. म्हणाली, तुम्ही खोल्या झाडत नाही, धुळीला फिरवून आणता. आणि माझ्या हातातून झाडू घेतला तो घेतलाच.

चालक: आमच्याकडे पण असंच. मी गाडी पुसली की बायको परत पुसते.

बाई: पण मग ही रजिस्टरची भानगड कशाला? घरच्या माणसाला किल्ली द्यायला सही कशाला लागते?

रखवालदार: नियम आहे. फळ्यावरून किल्ली उतरली की नोंद झाली पाहिजे. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. सुरुवातीला ती अंगठा द्यायची. तुमच्याकडूनच पत्र आलं, अंगठ्याच्या शाईने पानं चिकटतात, नवं रजिस्टर घालून सही करावी. तिला अक्षर येत नव्हतं. मी खिडकीच्या काचेवर धुळीत बोटाने काढून दाखवायचो, ती खाली गिरवायची आणि लगेच पुसायची. धूळ राहिलेली खपायची नाही ना. तीन दिवसांत शिकली.

बाई: म्हणजे हा गोल आणि ही शेपूट...

रखवालदार: नावातलं पहिलं अक्षर. पुढचं तिने सोडून दिलं. म्हणाली, साहेब लोक कुठे पूर्ण लिहितात?

बाई: बोलवा ना त्यांना. मला भेटायचंय. खरंच भेटायचंय.

रखवालदार: बाई, आपण खाली जाऊ या. इथे तुम्हाला बसायला काही नाही.

बाई: चला. काका, उतरता उतरता एक विचारू? रागावू नका. रजिस्टरात मला दोन गोष्टी खटकल्या होत्या, त्यासाठीच मी स्वतः आले. आठ महिन्यांपूर्वी तेवीस दिवस कोरे आहेत. आणि त्यानंतर सहीची शेपूट खाली वळते. त्याआधी आठ वर्षं ती वर जायची.

रखवालदार: तुमच्या लक्षात आलं ते?

बाई: कामच आहे ते माझं.

रखवालदार: मला जमली नाही हो. मागच्या पानांवर कागद ठेवून गिरवून बघितलं. तिचा हात शेवटी असा झटक्यात वर जायचा, माशी उडवल्यासारखा. माझा जातच नाही.

चालक: मामा... मी उगाच दाढीबिढी...

रखवालदार: तुम्हाला काय माहीत. आणि तिला हसूच आलं असतं. साहेब म्हणाले तिला सगळे! महिनाभर मला चहा करायला लावला असता तिने त्यावर.

बाई: काय झालं होतं त्यांना?

रखवालदार: ताप. आधी साधा वाटला. एकोणीस दिवस दवाखान्यात होतो. विसाव्या दिवशी मी घरी आलो, एकटा. लेक आली होती, चार दिवस राहून गेली. मग मी फळ्यासमोर उभा राहिलो. तेवीस दिवस खोल्या बंद होत्या. बारा नंबर उघडला तर वास आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

बाई: म्हणून तुम्ही झाडायला लागलात.

रखवालदार: तिच्याइतकं होत नाही. पण करतो.

बाई: ते ठीक आहे. पण तुमचीच सही करायची ना. तिची कशाला केलीत? हे माझ्या डोक्यात बसत नाही. तुम्ही लबाडी करणारे दिसत नाही.

रखवालदार: केली होती की माझीच. पहिला महिना, पण तुमच्या खात्याने ती पानं परत पाठवून पुन्हा लिहायला लावली. हे त्यांचं पत्र घ्या, इथे माझ्या टेबलाच्या खणातच आहे. वाचा.

बाई: "किल्ली देणारा व किल्ली घेणारा एकच व्यक्ती असल्याचे आढळते. सदर बाब नियमास धरून नाही. घेणाऱ्याची स्वतंत्र सही असल्याशिवाय नोंदी ग्राह्य धरल्या जाणार नाहीत." अरे देवा.

रखवालदार: आता मी दुसरा माणूस आणू कुठून? खोल्या तर उघडायला हव्यात. रात्रभर विचार केला. म्हटलं, आठ वर्षं जी सही चालली ती चालेल.

चालक: आणि चालली!

रखवालदार: पुढे एकही पत्र आलं नाही.

बाई: येणार कसं? आकडे सुंदर दिसायला लागले ना. काका, आता माझं ऐका. किल्ल्या मोजायची कल्पना माझी आहे.

रखवालदार: म्हणजे?

बाई: आमचं खातं सरकारच्या नको असलेल्या इमारती शोधतं. रिकाम्या पडलेल्या, अर्ध्या वापरातल्या. त्या विकायच्या, नाहीतर दुसऱ्याला द्यायच्या, अगदीच मोडकळीला आल्या असतील तर पाडायच्या. पण कुठली रिकामी हे ठरवायचं कसं? माणसं मोजायला गेलो तर कचेऱ्या त्या दिवशी शेजारच्या कचेरीतून माणसं आणून बसवतात. हजेरीपत्रक बघावं तर सगळे रोज हजर. म्हणून मी म्हटलं, किल्ल्या मोजा. खोली वापरात असेल तर तिची किल्ली आठवड्यातून एकदा तरी उतरणार. किल्ली कशाला खोटं बोलेल?

रखवालदार: चांगली कल्पना आहे.

बाई: सगळ्यांनी हेच म्हटलं. माझं कौतुकही झालं. त्या हिशेबाने तुमची ही इमारत सगळ्यांत वर आहे. वापर, शंभर टक्के.

चालक: वाऱ्याचा वापर.

रखवालदार: मग आता काय होणार?

बाई: या भागातल्या दोन इमारती शेवटच्या यादीत आहेत. एक ठेवायची, एक विकायची. वापर जास्त ती राहणार. यादी उद्या पक्की होते.

रखवालदार: म्हणजे ही राहते.

बाई: कागदावर, हो.

रखवालदार: आणि मागची माझी खोली?

बाई: इमारत राहिली तर खोली राहते. इमारत गेली तर तीन महिन्यांत सोडावी लागेल.

रखवालदार: मग तुम्ही चहा घ्याच, बाई.

बाई: काका, ही रिकामी आहे. मी डोळ्यांनी बघितलं.

रखवालदार: तर तसं लिहा की. मला कशाला विचारता?

बाई: माझ्या बघण्याला किंमत नाही. मागे एका अधिकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत पाहणी केली आणि भरलेली कचेरी रिकामी म्हणून लिहून टाकली. तेव्हापासून नियम झाला. रजिस्टरचा आकडा बदलायचा तर रखवालदाराचा लेखी जबाब पाहिजे. तुम्ही लिहून दिलंत तर बदलेल. नाहीतर मी इथून शंभर टक्के घेऊन जाणार.

रखवालदार: आणि मी लिहून दिलं तर खोटी सही केली हेही लिहावं लागणार.

बाई: हो.

रखवालदार: लेक म्हणते, आमच्याकडे या. जावई भला माणूस आहे. पण तिथे मी सकाळी उठून काय करू? पाहुण्यासारखं पेपर वाचत बसू? इथे मला कळतं तरी कुठल्या दिवशी कुठली खोली. आणि मागच्या खोलीत... तिचं सगळं तिथेच आहे. तिने खुंट्या तिच्या उंचीला ठोकल्यात. माझा शर्ट जमिनीला लागतो, पण मी वर ठोकल्या नाहीत.

चालक: मॅडम, असू द्या ना. एक इमारत राहिली तर काय बिघडतं? दुसरीचा वापर किती आहे?

बाई: चार टक्के.

चालक: मग ती विका! सोपं आहे. कुठली ती?

बाई: जन्ममृत्यू नोंदणीची कचेरी. पुलापलीकडची.

चालक: काय? ती? मॅडम, नातीच्या दाखल्यासाठी तीन खेपा घातल्यात मी तिथे! जिन्यावर रांग, जिन्याखाली रांग, रस्त्यावर रांग. शिपायाने पाय ठेवायला जागा मागितली तर लोक म्हणतात, रांगेत या. चार टक्के कुठून काढले?

बाई: रजिस्टरातून. सोळा किल्ल्या आणि महिन्यातून फक्त... थांब. तिथे खोल्यांना कुलूप कधी लावतात?

चालक: कुलूप? मी ज्या दाराला टेकून उभा होतो त्याला कडीसुद्धा नव्हती.

बाई: म्हणजे किल्ल्या फळ्यावरून उतरतच नाहीत...

चालक: उतरतील कशाला? सकाळी सातला माणसं, रात्री आठला माणसं. बंद झालं तर उघडणार ना.

बाई: फक्त जुन्या नोंदींची खोली बंद असते. तीच उघडतात. तेच चार टक्के. अरे देवा, मी सगळ्यांत भरलेली इमारत विकायला काढली!

चालक: आणि सगळ्यांत रिकामी ठेवली. आता मॅडम, माझ्या दाढीच्या पैजेवर कोणी हसायचं नाही.

बाई: तिथला आकडाही बदलता येईल, पण त्यांच्या रखवालदाराचा जबाब उद्यापर्यंत... तो बिचारा रांग सांभाळेल की जबाब लिहील. आणि त्यांचा वाढला तरी तुमचा शंभरच राहतो, काका. शंभराच्या वर काही नसतं.

रखवालदार: ती पुलापलीकडची कचेरी. हिरव्या दाराची?

बाई: हो. तुम्ही गेलाय तिथे?

रखवालदार: तिचा दाखला आणायला गेलो होतो. जिन्यावर उभा होतो दोन तास. पुढे एक पोरसवदा बाप, कडेवर बाळ. त्याला जन्माचा पाहिजे होता. मागे मी. खिडकीत एक मुलगी होती. विचारायला लागली, मृताचं नाव, वय, सगळं. मग म्हणाली, व्यवसाय? मी म्हटलं, काही नाही, घरीच असायची.

बाई: मग?

रखवालदार: तिने पेन थांबवलं. म्हणाली, काहीच काम करत नव्हत्या का हो, आजोबा? मागे एवढी रांग होती, लोक ओरडत होते, पण ती थांबली. मी म्हटलं, झाडायची. एक सरकारी कचेरी झाडायची, अडतीस खोल्या. तिने लिहिलं, शासकीय इमारत देखभाल. मला वाचून दाखवलं, बरोबर आहे ना म्हणून. तिला तेवढं मोठं कोणी म्हटलं नव्हतं बघा आयुष्यात.

चालक: बरोबरच लिहिलं तिने, मामा.

रखवालदार: ती कचेरी विकली तर ते लोक जाणार कुठे?

बाई: चार ठिकाणी वाटून देतील. शहराबाहेर.

रखवालदार: आणि रांग?

बाई: रांगेचा रकाना नाही आमच्याकडे.

रखवालदार: जबाबाचा कागद आहे?

बाई: आहे. पण काका, सावकाश. विचार करा, मी तासाभराने परत येते. खोटी सही म्हटलं की चौकशी लागेल. मी त्याला हे पत्र जोडीन, तुम्हाला दुसरा मार्ग ठेवलाच नव्हता असं लिहीन. पण काय होईल याची खात्री देऊ शकत नाही. आणि खोलीचं तर मी काहीच करू शकत नाही.

रखवालदार: खात्री मागितली नाही मी. पेन द्या. कसं लिहू?

बाई: तुमच्या शब्दांत.

रखवालदार: "ही इमारत नऊ वर्षं रिकामी आहे. इथे कोणी काम करत नाही." नाही, हे खोटं झालं. "इथे कोणाची कचेरी नाही. माझी बायको खोल्या झाडायची. गेले आठ महिने मी झाडतो. तिची सही मी करतो." पुरे?

बाई: खाली सही.

रखवालदार: माझी?

बाई: तुमची.

रखवालदार: घ्या. बऱ्याच दिवसांनी केली, हात अवघडलाय.

चालक: मामा, सामान हलवायचं असेल तेव्हा मला सांगा. गाडी सरकारी आहे, पण रविवारी ती माझं ऐकते.

बाई: मी ऐकलं नाही हे.

रखवालदार: निघा तुम्ही आता, पुलावर गर्दी होते. मला वर जायचंय. आजच्या चार खोल्या राहिल्यात. तुम्ही आलात म्हणून अर्धवट सोडून खाली आलो होतो.

बाई: आता कशाला, काका? आकडा तर शून्य झाला.

रखवालदार: उद्या कोणी विकत घ्यायला येईल. दार उघडलं की नाकाला रुमाल लावेल. मग म्हणतील, इथली झाडणारी आळशी होती.

बाई: ...किल्ल्या द्या इकडे.

रखवालदार: तुम्ही?

बाई: घेणारा वेगळा पाहिजे ना. नियम आहे. कुठे करायची सही, इथेच?

चालक: मलाही एक खोली द्या. फक्त कमी टेबलांची द्या.

बाई: कुठून सुरू करायचं?

रखवालदार: माझे गुडघे ऐकत नाहीत, म्हणून मी खालून करतो. तुम्ही वरून करा. ती वरून करायची.